एक प्रदेश, नऊ महापालिका : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील वाचकांनी शहरांच्या वाढीविषयी पाठवलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती. प्रश्नाचा गाभा ठेवून ती संक्षिप्त केली आहेत. मी उमेदीची वर्षे नगररचनेच्या कामात घालवली आणि आज ठाण्यातच राहतो. त्यामुळे काही ठिकाणी माहितीबरोबर माझे मतही आले आहे. ते मत म्हणूनच वाचावे.

प्रश्न : माझे बालपण नौपाड्यात गेले. तेव्हा आम्ही लोकलमध्ये बसताना ‘मुंबईला जातो’ म्हणत असू. आता माझी नात ठाण्यातच राहून ‘मी मुंबईची’ असे सांगते. ठाणे मुंबईत सामील झाले तरी कधी? आणि महानगर प्रदेश म्हणजे शहर, जिल्हा की आणखी काही?
— निवृत्त शिक्षिका, नौपाडा

उत्तर : बाई, कायद्याने पाहिले तर ठाणे मुंबईत कधीच सामील झालेले नाही. ठाण्याची नगरपालिका १८६३ सालची आहे, महापालिका १ ऑक्टोबर १९८२ पासूनची आहे आणि जिल्हाही स्वतंत्र आहे. बृहन्मुंबईची हद्द मुलुंडला संपते. परंतु लोकांच्या संसाराकडे पाहिले तर ही दोन गावे १६ एप्रिल १८५३ रोजीच जोडली गेली. त्या दिवशी बोरीबंदराहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटरचे अंतर कापून ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले, आणि राहायचे एका गावी व पोटापाण्यासाठी जायचे दुसऱ्या गावी, ही रीत आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या रुजत गेली.

मुंबई महानगर प्रदेश हा नियोजनासाठी आखलेला टापू आहे. तो १९६७ मध्ये प्रथम अधिसूचित झाला, १९७३ मध्ये त्याची पहिली प्रादेशिक योजना मंजूर झाली आणि २६ जानेवारी १९७५ रोजी त्याच्यासाठी प्राधिकरण स्थापन झाले, ज्याला आपण सगळे ‘एमएमआरडीए’ म्हणतो. २०१९ मध्ये पालघर तालुका आणि अलिबाग, पेण, पनवेल, खालापूर या तालुक्यांचे उरलेले भाग त्यात आले. आज त्याचे क्षेत्र सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल अशा नऊ महापालिका, त्यांच्याशिवाय अंबरनाथ-बदलापूरपासून उरण-अलिबागपर्यंतच्या नगरपालिका, आणि शेकडो गावे या टापूत येतात.

वाढ कोणत्या दिशेने झाली, हे जनगणनेत स्पष्ट दिसते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या भागाची, लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. त्याच २०११ साली तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर गेली होती आणि तो देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता. गिरणगावातली माणसे डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. बाहेरून आलेली माणसेही तेथेच उतरली.

शेजारची गावे वाढत वाढत एकमेकांना भिडतात, तेव्हा होणाऱ्या समूहासाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विचारवंताने १९१५ मध्ये इंग्रजीत नवा शब्द घडवला होता. आपण त्याला ‘जोडनगर’ म्हणू या. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि पुढे नामवंत समाजशास्त्रज्ञ झालेले गो. स. घुर्ये यांना पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्याची शिफारसही त्यांचीच. आपल्या नातीला हे जरूर सांगावे. तिचे ‘मी मुंबईची’ हे म्हणणे हद्दीच्या नकाशावर चूक असले, तरी गेडिस यांच्या शब्दाच्या अर्थाने बरोबर आहे.

प्रश्न : नवी मुंबई ही मुंबईचा भार हलका करण्यासाठी वसवली, असे आम्ही शिकलो. माझे वडील अजूनही रोज सीएसएमटीला जातात. माझ्या वर्गातील काही मैत्रिणी मात्र आगरी-कोळी कुटुंबांतल्या आहेत आणि हे शहर त्यांच्या आजोबांच्या शेतांवर उभे आहे. मग हा बेत साधला की फसला?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोपरखैरणे

उत्तर : प्रश्नाच्या दोन्ही बाजू तू एकाच पत्रात मांडल्यास, याचे मला फार समाधान वाटले. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मुंबई हे दक्षिणोत्तर पसरलेले चिंचोळे बेट. कामधंदा दक्षिण टोकाला आणि घरे उत्तरेला, त्यामुळे सकाळी सगळी गर्दी एकाच दिशेला आणि संध्याकाळी उलट दिशेला वाहते. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून शहराला पूर्वेकडे वाट करून द्यावी, अशी सूचना स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस केली होती. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी नवे शहर वसवण्यासाठी ‘सिडको’ हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या शहरासाठी निश्चित झाली.

त्या बेताचा प्राण एका गोष्टीत होता : सरकारने आपले मुख्यालय खाडीपार न्यावे, म्हणजे त्यामागे कचेऱ्या, बँका आणि माणसे येतील. ते घडले नाही. बेलापूरला कोकण भवन आले, मंत्रालय मात्र जागेवरच राहिले आणि त्याच काळात नरिमन पॉईंटच्या भरावावर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. वाशीचा रस्ता-पूल १९७३ मध्ये झाला, पण रेल्वे वाशीला पोहोचायला १९९२ साल उजाडले. जवळजवळ वीस वर्षे या शहराकडे जायला बसखेरीज दुसरे साधन नव्हते. माझ्या मते नव्या शहराचे सर्वांत मोठे नुकसान या विलंबाने केले. लोक घर घेण्याआधी स्थानक पाहतात, हे आपल्याकडे कोणालाही ठाऊक आहे.

तरीही बेत फसला असे मी म्हणणार नाही. कांदा-बटाटा, मसाले, धान्य, फळे आणि भाजीपाला यांचे घाऊक बाजार मुंबईच्या दाटीतून वाशीला आले, लोखंड बाजार कळंबोलीला आला, न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. ठाणे–बेलापूर रस्त्यावर जेथे रसायनांचे कारखाने होते, तेथील अनेक भूखंडांवर आज संगणक क्षेत्राच्या कचेऱ्या आहेत. मुंबईचा भार त्यामुळे घटला नाही, पण नोकरीसाठी जाण्यासारखी दुसरी जागा निर्माण झाली. तुझे वडील सकाळी सीएसएमटीकडे निघतात, तेव्हा चेंबूर-कुर्ल्याहून वाशी-बेलापूरकडे येणारी गाडीही भरलेली असते. १९८० मध्ये ते दिसत नसे.

आता तुझ्या मैत्रिणींच्या आजोबांविषयी. या ९५ गावांत भातशेती होती, मिठागरे होती, खाडीतली मासेमारी होती. जमिनी घेताना दिलेला मोबदला फार तोकडा होता आणि त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना त्या लढ्यातून मिळाली. इतर प्रकल्पांतले शेतकरीही पुढे तिचा दाखला देत आले आहेत. गावठाणांचा विस्तार मात्र वेळेवर झाला नाही. कुटुंबे वाढली आणि मुलांनी घराला लागून घरे बांधली. त्या घरांवर ‘अनधिकृत’ असा शिक्का बसला आणि ती नियमित करण्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. कोपरखैरणे किंवा घणसोलीच्या गावात शिरून पाहा. सेक्टरचा रुंद रस्ता एका वळणावर संपतो, आणि पुढे दोन घरांच्या भिंतींमधून एक दुचाकी जेमतेम जाईल एवढी बोळ लागते. ज्यांच्या जमिनीवर रुंद रस्ते झाले, ती माणसे त्या बोळात राहतात. बेत साधला की फसला, याचा हिशेब करताना ही बोळ खर्चाच्या बाजूला मांडावीच लागेल.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते आणि ऐरोलीला नोकरी करते. नकाशावर दोन्ही गावे पारसिकच्या डोंगराच्या अलीकडे-पलीकडे आहेत. तरीही मला आधी ठाण्याला यावे लागते, फलाट बदलावा लागतो आणि मग उलटे फिरावे लागते. याला जबाबदार कोण?
— नोकरदार महिला, डोंबिवली पूर्व

उत्तर : आपल्यासारख्या प्रवाशांना मी रोज पाहतो. सकाळी साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान ठाणे स्थानकाच्या नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटांकडे उतरणाऱ्या जिन्यावर उभे राहिले, की एक दृश्य ठरलेले असते. डोंबिवली-कल्याणकडून आलेली माणसे बॅग पाठीवरून काढून पोटाशी धरतात, पुलावरची गर्दी कापत येतात आणि जिन्याच्या एका कडेने उतरू लागतात; त्याच वेळी नवी मुंबईहून आलेली माणसे दुसऱ्या कडेने वर चढत असतात. पनवेल किंवा वाशीची गाडी लागलेली दिसली की उतरणारी रांग एकदम धावू लागते. मग चढणारे जिन्याच्या कठड्याला चिकटून थांबतात. या धावणाऱ्यांपैकी बहुतेकांना मुंबईला जायचेच नसते.

याचे मूळ फार जुने आहे. रेल्वे १८५३ पासून टाकली गेली, ती माल आणि माणसे मुंबई बंदराकडे आणण्यासाठी. त्यामुळे सगळे मार्ग पंख्याच्या काड्यांसारखे मुंबईत एकत्र येतात, काड्यांना आडवे जोडणारे दोरे मात्र थोडे आहेत. दिवा–वसई आणि दिवा–पनवेल हे आडवे मार्ग आहेत, पण त्यांच्यावर उपनगरी प्रवाशाला उपयोगी पडतील इतक्या गाड्या नाहीत. ठाणे–वाशी मार्गावर प्रवासी गाड्या २००४ मध्ये सुरू झाल्या आणि त्या एका आडव्या मार्गाने लाखो लोकांचे कुर्ल्यापर्यंतचे हेलपाटे वाचवले. ठाण्याच्या जिन्यावरची गर्दी हे त्याच यशाचे ओझे आहे.

आपल्यासाठी जो मार्ग हवा, तो कागदावर आहे. कळवा–ऐरोली उन्नत मार्ग झाला की कल्याण-डोंबिवलीची गाडी ठाण्याला न जाता थेट ऐरोलीकडे वळू शकेल. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात त्याला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. त्यातले दिघा गाव हे स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झाले, पण प्रत्यक्ष जोडमार्ग कळव्यातील बाधित घरांच्या पुनर्वसनापाशी अडला. ती घरे उठवताना तेथल्या माणसांना जवळपासच पक्के घर मिळणे हा त्यांचा हक्क आहे; म्हणूनच हे काम आधी आणि चोख व्हायला हवे होते. याशिवाय ऐरोली–काटई नाका रस्त्यासाठी पारसिकच्या डोंगरातून बोगदा काढला आहे, आणि कल्याण–तळोजा मेट्रोही आपल्याच भागातून जाणार आहे.

जबाबदार कोण, या प्रश्नाचे एका नावात उत्तर देता येत नाही, आणि मला वाटते दुखणे तेथेच आहे. लोकल केंद्राच्या रेल्वेची, तिचे नवे प्रकल्प १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाचे, ठाणे-भिवंडी-कल्याणच्या मेट्रो एमएमआरडीएच्या, बेलापूर–पेंधर मेट्रो सिडकोची, आणि बसगाड्या टीएमटी, एनएमएमटी, केडीएमटी अशा प्रत्येक महापालिकेच्या निराळ्या. प्रत्येक जण आपापला मार्ग आखतो. डोंबिवलीहून ऐरोलीला जाणाऱ्या बाईचा घरापासून कचेरीपर्यंतचा पूर्ण प्रवास आखण्याचे काम यांपैकी कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. तेव्हा चर्चा गाडीच्या दारांची झाली. ज्यांना मुंबईकडे जायचेच नाही त्यांनाही त्याच गाडीत का चढावे लागते, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही.

प्रश्न : सगळी शहरे एकमेकांना भिडली, तर मध्ये मोकळे काही उरणार आहे का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आज तीन मोठ्या गोष्टी मध्ये उभ्या आहेत : येऊरसह संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी. खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिवरांची झाडे भरतीचे पाणी अडवतात, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ती राखली पाहिजेत. अभयारण्याला लागून असलेल्या पाणथळ जागांना मात्र तेवढे संरक्षण नाही. भरतीच्या वेळी खाडीतील चिखल पाण्याखाली गेला की पक्षी त्याच जागांवर येऊन बसतात, त्यामुळे त्या बुजल्या तर अभयारण्याचा दर्जा कागदावर राहूनही पक्षी जातील.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत चारशे सदनिका आहेत आणि टँकरचे बिल हा सर्वांत मोठा खर्च आहे. खाडीपलीकडे नवी मुंबईत मात्र स्वतःचे धरण आहे. ठाण्याला धरण का नाही? आम्ही काय मागणी करावी?
— सोसायटीच्या व्यवस्थापक समितीचे सदस्य, घोडबंदर रस्ता

उत्तर : नवी मुंबई महापालिकेने खालापूर तालुक्यातील मोरबे धरण आपल्या मालकीचे करून घेतले, हा त्या शहराच्या कारभारातील अतिशय दूरदृष्टीचा निर्णय होता. ठाण्याकडे असे धरण नाही. ठाणे महापालिका भातसा नदीवरील स्वतःची योजना, पाणीपुरवठा करणारे ‘स्टेम’ प्राधिकरण, बारवी धरणाचे पाणी देणारे औद्योगिक विकास महामंडळ आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी घेते. त्यांतील एका ठिकाणी दुरुस्ती निघाली की शहराच्या कोणत्या तरी भागात नळ कोरडा पडतो. घोडबंदरचा पट्टा या जाळ्याच्या शेवटी आहे आणि तेथे इमारती आधी आल्या, जलवाहिन्या मागून. बांधकामाला परवानगी देताना पाणी कोठून येणार, हे लेखी बांधून घेतले गेले नाही, त्याची किंमत आपण टँकरवाल्याला देत आहात. आपली तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते.

परंतु ‘आम्हालाही धरण द्या’ अशी मागणी करण्याआधी एकदा शहापूर तालुक्यात जाऊन यावे, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. मुंबईला रोज सुमारे ३,८०० दशलक्ष लिटर पाणी जाते, त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या भातसा धरणातून येते. तानसा तलावही त्याच तालुक्यात. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी तेथील एका पाड्यावर गेलो होतो. विहिरीच्या तळाला गढूळ पाण्याचे डबके होते आणि एक मुलगी दोरी बांधलेला डबा आडवा लोटून लोटून ते पाणी गोळा करत होती. एक हंडा भरायला तिला अर्धा तास लागला. भरलेला हंडा ती कडेवर घेऊन निघाली, तेव्हा तिची वाट मुंबईला जाणाऱ्या मोठ्या जलवाहिनीच्या कडेकडेने जात होती. जलवाहिनीच्या एका सांध्यातून पाणी ठिबकत होते. तेथे दोन बायका हंडे लावून बसल्या होत्या. त्या पाड्याला टँकर आठवड्यातून दोनदा येतो असे त्यांनी सांगितले. शहापूरला इगतपुरीकडच्या भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आहे. धरणांच्या तालुक्याला दुसऱ्या तालुक्यातून पाणी आणावे लागते, ही आपल्या प्रदेशाची स्थिती आहे.

पुढच्या धरणांसाठी काळू, शाई, कोंढाणे, बाळगंगा ही नावे आपण वर्तमानपत्रांत वाचली असतील. ती मुरबाड, शहापूर, कर्जत आणि पेण या तालुक्यांतली आहेत आणि तेथे बुडणारी गावे मुख्यतः आदिवासी आणि लहान शेतकऱ्यांची आहेत. बारवी धरणाची उंची वाढवताना अशीच गावे पाण्याखाली गेली. म्हणून मागणी करायचीच असेल, तर ती अशी असावी असे मला वाटते : नऊही महापालिकांचे पाणी एकत्र मोजले जावे आणि प्रत्येक शहरात माणशी किती लिटर मिळते ते जाहीर व्हावे, गळती आणि चोरी आधी थांबवावी, सांडपाणी शुद्ध करून उद्याने, बांधकामे आणि कारखाने यांना देणे सक्तीचे व्हावे, आणि जेथे धरण आहे त्या तालुक्यातील गावांचा पाण्यावरचा हक्क पहिला मानला जावा. आपल्या सोसायटीपुरते सांगायचे, तर छतावरील पावसाचे पाणी मुरवण्याची आपल्याकडची यंत्रणा चालू आहे की केवळ भोगवटा प्रमाणपत्रासाठी बांधली होती, हे या पावसाळ्याआधी उघडून पाहावे.

प्रश्न : मी ठाणे महापालिकेला मत देतो, विधानसभेला देतो, लोकसभेला देतो. पण मेट्रो, खाडीपूल, नवी शहरे यांविषयीचे निर्णय ज्या महानगर प्रदेशाच्या नावाने होतात, त्यासाठी मी कोणालाच निवडून देत नाही. हे असेच चालायचे का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असावी आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी व पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडलेले असावेत, असे संविधानातील अनुच्छेद २४३ झेडई सांगतो. महाराष्ट्राने त्यासाठी कायदाही केला. परंतु आपल्या प्रदेशात ही समिती कधी खऱ्या अर्थाने कामाला लागली नाही. प्रादेशिक योजना प्राधिकरण बनवते आणि राज्य सरकार मंजूर करते. सध्याची योजना २०१६ ते २०३६ या काळासाठीची आहे. प्राधिकरणावर मंत्री, अधिकारी आणि काही लोकप्रतिनिधी असतात. तेथे काम करणाऱ्या अनेकांची निष्ठा आणि कुवत मी जवळून पाहिली आहे. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही. विटावा संपून दिघा सुरू होते तेथे राहणाऱ्या माणसाच्या नाल्याचा वरचा भाग एका महापालिकेत आणि खालचा दुसरीत असेल, तर त्या नाल्याविषयी दोन्हींकडील नगरसेवकांनी एकत्र बसून बोलावे अशी सभाच आपल्याकडे नाही.

जर्मनीतील रूर खोऱ्याचा इतिहास या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. कोळशाच्या खाणींमुळे एकमेकांना भिडलेल्या एसेन, डॉर्टमुंड, डुइसबुर्ग अशा शहरांचा १९२० मध्ये रस्ते आणि हिरवे पट्टे एकत्रितपणे राखण्यासाठी संघ स्थापन झाला. त्या संघाच्या सभेसाठी तेथील नागरिकांनी थेट मतदान केले ते २०२० मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. कोणत्याही शहराने आपली महापालिका त्यासाठी मोडली नाही. आपल्याकडे घटनेची तरतूद तयार आहे, तेव्हा आपल्याला शंभर वर्षे लागण्याचे कारण नाही. आपल्या प्रभागातील नगरसेवकाला भेटून एकच प्रश्न विचारा : महानगर नियोजन समितीवर ठाण्याचे प्रतिनिधी कोण आहेत आणि तिची शेवटची बैठक कधी झाली? हाच प्रश्न माहितीच्या अधिकारात लेखी विचारलात, तर अधिक चांगले.

प्रश्न : आमचे गाव उरण तालुक्यात आहे. अटल सेतू झाला, विमानतळ झाला, आणि आता ‘तिसऱ्या मुंबई’साठी आमची गावे घेतल्याचे ऐकतो. दलाल रोज दारात येतात. वडील म्हणतात विकून टाकू, आजी म्हणते थांबू. आम्ही काय करावे?
— शेतकरी कुटुंबातील तरुण, उरण तालुका

उत्तर : तुझ्या आजीचे ऐकून आधी थांबावे, असे मी म्हणेन, आणि थांबलेल्या वेळात कागद गोळा करावेत.

अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले आणि २१.८ किलोमीटरच्या त्या पुलाने शिवडी तुमच्या दाराशी आणली. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या, सुमारे ३२३ चौरस किलोमीटरच्या कर्नाळा–साई–चिरनेर क्षेत्रासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमण्यात आले. ‘तिसरी मुंबई’ म्हणतात ती हीच. त्याच्या शेजारी विमानतळ प्रभावित क्षेत्र, म्हणजे ‘नैना’, २०१३ पासून सिडकोच्या हाती आहे. म्हणून पहिली गोष्ट ही, की आपले गाव यांपैकी नेमक्या कोणत्या अधिसूचनेत आहे ते गावाच्या नावासह तपासून घे. दोन्हींचे नियम सारखे असतीलच असे नाही. ‘नैना’मध्ये नगररचना परियोजनेच्या मार्गाने जमीनमालकाला मूळ क्षेत्राच्या ४० टक्के अंतिम भूखंड मिळतो आणि उरलेली जमीन रस्ते व सुविधांसाठी जाते, तुमच्या क्षेत्रात काय मिळणार हे छापील कागदावर पाहिल्याशिवाय कोणाच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे सातबारा, फेरफार आणि वारसनोंदी. आत्यांची आणि बहिणींची नावे लागलेली आहेत का, ते आजच पाहा. साडेबारा टक्के योजनेत कित्येक कुटुंबांचे भूखंड वारसांच्या वादात वर्षानुवर्षे अडकले आणि त्यांचा फायदा अखेरीस मध्यस्थांनी घेतला. इसारपावती, कुलमुखत्यारपत्र किंवा कोऱ्या कागदावर सही मागणारा कोणीही आला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये, आणि वडिलांनाही करू देऊ नये.

तिसरी गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. तुमच्या गावठाणाची हद्द शेवटची केव्हा मोजली गेली, हे भूमी अभिलेख कार्यालयात विचार आणि नकाशाची प्रत घे. हद्दीबाहेर जी घरे झाली आहेत, ती कोणाची, किती वर्षांची, वीजबिल आणि घरपट्टी केव्हापासून, याची गावाने मिळून नोंद करावी आणि ती ग्रामसभेच्या ठरावाला जोडावी. योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती नोंदवण्याची मुदत थोडी असते, आणि त्या मुदतीत घाईने लिहिलेल्या अर्जापेक्षा आधीच तयार असलेला ठराव, नकाशा आणि घरांची यादी यांना सुनावणीत अधिक वजन असते. नवी मुंबईतील गावांना हे सांगणारे त्या वेळी फारसे कोणी नव्हते. तुमच्या गावाकडे अजून वेळ आहे, तेव्हा पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालून घे आणि त्या दिवशी आजीलाही सोबत घेऊन जा. कोणते घर कोणी आणि केव्हा बांधले, हे तिच्याइतके गावात दुसऱ्या कोणाला आठवत असण्याची शक्यता कमी आहे.